भोकाचं माप

मागच्या रविवारी सिंकखाली बादली ठेवली. पाण्याच्या यंत्राची ती बारीक पांढरी नळी वर्षानुवर्षं मोरीत पाणी सोडत असते. तिचं तोंड बादलीत वळवलं आणि यंत्राच्या तोटीखाली १० लिटरचा स्टीलचा डबा लावला. डबा काठोकाठ भरेपर्यंत १५ लिटरची बादली दोनदा भरली.

१० लिटर पिण्याचं. ३० लिटर मोरीचं.

घरात पाच माणसं. पिणं आणि स्वयंपाक मिळून रोज २० लिटर लागतं, म्हणजे ६० लिटर वाहून जातं. वर्षाचं होतं जवळपास २२ हजार लिटर. १० हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरेल इतकं पाणी, एका घरातून. आमच्या सोसायटीत शंभर बिऱ्हाडं आहेत आणि बहुतेकांच्या ओट्यावर हेच यंत्र आहे. हीच सोसायटी एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवते आणि मासिक सभेत टँकरच्या बिलावरून भांडते. मोरीतल्या नळीचा विषय त्या सभेत एकदाही निघालेला नाही.

आता दुसरा प्रश्न. जे पाणी आपण इतकं गाळतो, त्यात गाळण्यासारखं होतं काय?

आम्ही पुण्यात राहतो, नळाला खडकवासला धरणाचं पाणी येतं. तुरटी, वाळूचे थर आणि क्लोरीन असा प्रवास करून ते घरी पोचतं. मीटर बुडवला तर विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंतचं पाणी स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आमचं पाणी ८० वर आहे. आणि आम्ही त्यावर समुद्राचं पाणी गोड करणारं तंत्र लावून बसलो आहोत.

*

हे यंत्र घरात कसं आलं ते सांगतो, कारण हजारो घरांत ते असंच आलं आहे.

एका दुपारी विक्रेता आला. दोन काचेचे पेले मागितले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. विजेवर चालणारं एक उपकरण काढलं, त्याच्या धातूच्या कांड्या दोन्ही पेल्यांत बुडवल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी झालं. मग त्यात काळपट-हिरवा साका धरला. यंत्राचं पाणी तसंच नितळ. ‘हे तुम्ही रोज पिता,’ एवढंच तो म्हणाला. आई पदर तोंडाशी धरून त्या पेल्याकडे पाहत राहिली. यंत्र दुसऱ्याच दिवशी भिंतीवर बसलं.

तो साका पाण्यातला नव्हता. तो कांड्यांचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडी कांडी झिजते, आणि तिचाच गंज पेल्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यातून क्षार काढून टाकलेले असतात. त्यात वीज जेमतेम वाहते आणि कांडीही फारशी झिजत नाही. त्या ‘शुद्ध’ पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि तोच प्रयोग करा. तेही पाणी तपकिरी होतं. मी हे पुढे स्वतः करून पाहिलं आणि आईला दाखवलं. ही लबाडी आहे. आईच्या मनातल्या भीतीवर केलेली लबाडी आहे, म्हणून मला तिचा अधिक राग येतो.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो. कॉलऱ्याचे जंतू असलेलं पाणी त्याला कळत नाही. काविळीचे विषाणू कळत नाहीत. कीटकनाशकाचा अंश कळत नाही. एखाद्या झऱ्याचं उत्तम पाणी २५० दाखवेल आणि गटार मिसळलेलं पावसाचं पाणी ६० दाखवेल. आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं, हे समीकरण धादांत खोटं आहे.

त्या मीटरचा एक खरा उपयोग आहे, तो विक्रेते क्वचितच सांगतात. यंत्रात जाणारं आणि यंत्रातून येणारं पाणी दोन्ही मोजा. दोन आकड्यांतलं अंतर महिन्यामागून महिना कमी होत गेलं तर समजा, आतलं मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, संपत आलं आहे. एवढंच त्याचं काम.

*

सगळा घोटाळा एका साध्या गोष्टीपाशी आहे. पाण्यातली घाण दोन जातींची असते. एक तरंगणारी, दुसरी विरघळलेली.

चहा गाळताना हे आपण रोज पाहतो. चोथा गाळणीत राहतो, साखर कपात जाते. गाळणी कितीही चांगली घ्या, साखर अडत नाही, कारण ती कणाच्या रूपात उरलेलीच नसते. माती, शेवाळ, जंतू, विषाणू हे चोथ्याच्या बाजूचे, फक्त आकारानं लहान लहान होत जाणारे. मीठ, फ्लोराईड, नायट्रेट, चुना हे साखरेच्या बाजूचे.

आता मापं बघू. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जिआर्डियाची पुटी ८ ते १२ मायक्रॉनची. हगवणीचे, विषमज्वराचे जंतू एक-दोन मायक्रॉनचे. काविळीचे अ आणि ई हे विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपास. यांना अडवायला ०.०१ मायक्रॉनची छिद्रं असलेला पडदा पुरतो. त्याला म्हणतात अल्ट्राफिल्ट्रेशन, बाजारातल्या बोलीत यूएफ. आत शेवयांच्या जुडीसारखे पांढरे पोकळ तंतू असतात. पाणी तंतूच्या भिंतीतून पार होतं आणि जंतू भिंतीशी अडून राहतात. पाण्याच्या साध्या दाबावर हे चालतं. वीज लागतेच असं नाही. सतत मोरीत धार सोडावी लागत नाही. अधूनमधून पाणी सोडून पडदा धुतला की झालं. क्षार जसेच्या तसे राहतात, आणि ते राहिलेलेच बरे.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं पॉलिसल्फोनच्या अशा पडद्याचं, विजेशिवाय चालणारं घरगुती उपकरण विकसित केलं आणि त्याचं तंत्र उद्योगांच्या हाती दिलं. धरणाचं गोडं पाणी पिणाऱ्या घराला जंतूंची धास्ती असेल तर एवढं पुरेसं आहे. तेही नको असेल तर पाणी खळखळ उकळा. जंतू आणि विषाणू दोन्ही मरतात.

आमच्या ओट्यावरच्या यंत्राची, म्हणजे आरओची (रिव्हर्स ऑस्मोसिसची), जात वेगळी. त्याच्या पडद्याला मोजता येतील अशी भोकंच नसतात म्हणा. सुरळीच्या वडीसारखी त्याची गुंडाळी असते: पातळ पडदा, मध्ये जाळी, पुन्हा पडदा, आणि मधोमध नळी. पंप दाब देतो, पाण्याचा रेणू पडद्यातून कसाबसा पलीकडे जातो, आणि विरघळलेलं मीठ अलीकडेच अडतं. आता हे अडलेलं मीठ कुठं तरी जायला हवं. ते पडद्यावर साचलं तर पडदा थरानं बुजून जाईल. म्हणून उरलेल्या पाण्याची धार सतत सोडून ते धुऊन काढावं लागतं. मोरीतली नळी ती हीच. यंत्र बिघडलं म्हणून पाणी जात नाही. यंत्र नीट चालतं म्हणूनच पाणी जातं.

घरगुती आरओच्या २०१५ च्या भारतीय मानकानं तर किमान २० टक्के पाणी हाती आलं तरी चालेल असं धरलं होतं. म्हणजे एका लिटरमागे चार लिटर सोडून द्यायलाही मुभा.

आणखी एक गोष्ट ऐका. पुष्कळ यंत्रांत ‘टीडीएस कंट्रोलर’ असतो. आरओतून निघालेलं पाणी फारच बेचव लागतं, म्हणून आरओला वळसा घालून आलेलं थोडं पाणी त्यात मिसळायची ही सोय. क्षार काढायला वीज जाळायची, तीन भाग पाणी टाकायचं आणि शेवटी क्षार परत मिसळायचे. जे पाणी मिसळून प्यायला योग्य आहे ते मुळातच योग्य होतं.

*

भोकाचं माप शत्रूच्या मापाचं असलं की काय होतं, याचा महाराष्ट्रानं अनुभव घेतलेला आहे. साठीच्या पुढच्या वाचकांना नारू आठवत असेल.

पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं. कुणाच्या पायाला नारूचा फोड आलेला असे. तो पाय पाण्यात बुडाला की जंताची पिल्लं पाण्यात सुटत. ती सायक्लोप्स नावाच्या, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पाणपिसवेच्या पोटात जात. ते पाणी प्यायलं की वर्षभरानं माणसाच्या पायातून हातभर लांब, कधी त्याहून लांब जंत बाहेर येई. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा, तोही ऐन पेरणीत. यावर औषध नव्हतं, लस नव्हती. आजही नाही.

शत्रूचं माप मात्र ठाऊक होतं. एक मिलिमीटर. त्याला अडवायला बारीक विणीचं फडकं पुरतं. १९८० च्या दशकात राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. पायविहिरींचं रूप बदललं, पाण्यात सायक्लोप्स मारणारं औषध टाकलं, आणि घरोघरी गाळणीचं कापड गेलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात सापडला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हा रोग घागरीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यापुढे हरला.

फडक्याची दुसरी गोष्ट बांगलादेशातली आहे. रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातल्या ६५ गावांत बायकांना जुनी सुती साडी घडी घालून घागरीवर बांधायला सांगितलं. कॉलऱ्याचा जंतू एक-दोन मायक्रॉनचा, कापडातून सहज निसटेल असा. पण तो पाण्यातल्या प्राणीप्लवकांना चिकटून राहतो, आणि हे प्लवक कापडात अडकतात. साडी नवी नको, जुनी हवी, कारण वापरून धागा फुलतो आणि भोकं बारीक होतात. चार घड्यांत माप सुमारे २० मायक्रॉनवर येतं. २००३ साली निष्कर्ष छापून आले: कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं.

फाटक्या साडीनं निम्मा कॉलरा. यात चमत्कार काही नाही. जंतू कशावर बसून येतो हे त्यांनी आधी शोधलं आणि मग त्या मापाचं कापड निवडलं. आपल्या ओट्यांवर हा क्रम उलटा झाला. यंत्र आधी आलं. पाण्यात काय आहे हे अजून कुणी विचारलेलं नाही.

*

मग आरओ वाईट का? अजिबात नाही. आरओ हा माणसाच्या बुद्धीचा मोठा विजय आहे, आणि त्यात एका भारतीयाचा वाटा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे तमिळनाडूचे श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा बनवला, ज्याची एक बाजू अतिशय पातळ आणि घट्ट, तर बाकीचं अंग सच्छिद्र. मीठ अडतं आणि पाणी पुरेशा वेगानं पलीकडे जातं, हे तेव्हा पहिल्यांदा जमलं. १९६५ साली कोलिंगा या कॅलिफोर्नियातल्या लहानशा गावात त्याचा पहिला प्रकल्प उभा राहिला. तिथल्या विहिरी खाऱ्या होत्या. एकेकाळी गावाला पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागे.

रेल्वेनं येणारं पाणी आपल्याला नवं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. फलाटावर माणसं त्या गाडीला हात जोडत होती. दोन लिटर पिण्याच्या पाण्यासाठी सहा लिटर मोरीत सोडायचं धाडस त्या फलाटावर कुणी केलं असतं का?

आरओची खरी जागा महाराष्ट्रात कुठं आहे ते पाहायचं असेल तर पूर्णा नदीच्या खोऱ्यात जा. अकोला, अमरावती, बुलढाणा. खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शेकडो गावं पिढ्यान् पिढ्या ते पाणी प्यायली आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी तिथली घरं पोखरली. किंवा यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराईडच्या गावांत जा. मानकानं फ्लोराईडला लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा घातली आहे, फार तर दीड. त्याच्या वर गेलं की मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि पुढे हाडं वाकतात. हे ‘साखरेच्या बाजूचे’ शत्रू. फडकं त्यांना अडवत नाही, कँडल अडवत नाही, यूएफ अडवत नाही. उकळलं तर आणखी वाईट, कारण पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुन्यानं फ्लोराईड खाली बसवायची ‘नालगोंडा पद्धत’ बसवली, ती अशाच गावांसाठी. आणि जिथं ती झेपत नाही तिथं आरओचा मार्ग आहे.

मी अकोला जिल्ह्यातल्या अशा एका गावात गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या पाठीमागे पत्र्याची खोली, आत आरओ प्लांट, बाहेर नाण्यावर चालणारी तोटी. तोटीवर धूळ. मेम्ब्रेन बुजलं होतं आणि नवं बसवायला पैसे मंजूर झालेले नव्हते. प्लांट चालवायला शिकलेला पोरगा पुण्याला कामाला गेला होता. शेजारच्या हापशावर एक आजीबाई कळशी भरत होत्या. त्यांना विचारलं, ‘आजी, हेच पाणी पिता?’ त्या म्हणाल्या, ‘मंग काय पिऊ बाप्पा?’

पुण्यातल्या ८० टीडीएसच्या ओट्यावर दरवर्षी न चुकता नवं मेम्ब्रेन बसतं. अकोल्यातल्या त्या खोलीत ते बसत नाही. ही वाटणी चुकीची आहे. ती बाजारानं केली आहे आणि आपण ती होऊ दिली आहे.

*

आता पडद्याच्या पलीकडची गोष्ट. आपल्याकडची सगळ्यात धोकादायक समजूत ही आहे की एकदा मेम्ब्रेन लागलं की पाणी कायमचं शुद्ध झालं.

२०२५ च्या जानेवारीत आमच्याच शहरात, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दवाखान्यांत आले. आधी जुलाब, मग पायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली. अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो इतर जंतूंसारखाच मायक्रॉनच्या मापातला आहे. धड मेम्ब्रेनपुढे त्याची डाळ शिजत नाही. तरीही त्या भागातल्या खासगी पाणी प्रकल्पांचे नमुने तपासले तेव्हा काहींच्या पाण्यात विष्ठेतले जंतू निघाले, आणि महापालिकेनं ३० खासगी प्रकल्प बंद केले. त्यांत आरओचे प्रकल्पही होते.

आरओच्या पाण्यात जंतू? हो. कसे, ते समजून घ्या.

आजच्या आरओ पडद्याला क्लोरीन सोसत नाही. क्लोरीननं तो कुजतो. म्हणून त्याच्या आधी कोळशाचा फिल्टर बसवून क्लोरीन काढून टाकतात. म्हणजे पडद्यातून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ असतं, पण निराधार असतं. नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, असं मानक सांगतं. तो क्लोरीन वाटेतली राखण करत असतो. आरओनंतर ही राखण संपते. मग ते पाणी न धुतलेल्या टाकीत पडलं, शेवाळलेल्या पाइपमधून गेलं, घाणेरड्या हातांनी उघडलेल्या जारमध्ये भरलं की जंतूंना मोकळं रान मिळतं. पडदा त्याच्या जागी आहे आणि घाण त्याच्या पुढच्या बाजूला शिरलेली आहे.

लग्नात, कचेरीत, क्लासमध्ये दिसणारे ते निळे जार आठवा. जार आत कधी धुतला, कशानं धुतला? बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन आहे का, किंवा अतिनील दिवा तरी चालू आहे का? पाण्याचा शेवटचा नमुना प्रयोगशाळेत कधी गेला? हे तीन प्रश्न जारवाल्याला विचारा. उत्तर टीडीएसच्या आकड्यानं आलं तर जार परत पाठवा. घरच्या यंत्राच्या टाकीलाही हेच लागू आहे. ती उघडून आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर वर्षाच्या सर्व्हिसचे पैसे कशाचे दिले ते विचारा.

*

पडदा कुठं शोभतो याचं उत्तर अमेरिकेतल्या एका शहरानं मोठी किंमत देऊन शिकवलं. १९९३ च्या वसंतात मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी घरोघरी पोचला. अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. हा परजीवी क्लोरीनला भीक घालत नाही. पण तो चार-पाच मायक्रॉनचा आहे, म्हणजे सूक्ष्मछिद्री पडद्यापुढे ढोबळच. या साथीनंतर तिकडच्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत पडदा गाळणीचा प्रसार वेगानं झाला. एका ठिकाणी, शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली, रोज तपासून, सगळ्यांसाठी.

मला हेच म्हणायचं आहे. पाणी शुद्ध करणं हे नगरपालिकेचं, महापालिकेचं, ग्रामपंचायतीचं काम आहे. आपण ते काम आपल्या ओट्यावर उचलून घेतलं, यंत्राचे आणि सर्व्हिसचे पैसे मोजले आणि त्या बदल्यात नळावरचा आपला हक्क सोडून दिला. ज्याच्या घरी यंत्र आहे तो नळाचं पाणी गढूळ आलं तरी तक्रार करत नाही. ज्याच्या घरी नाही, त्याच्या तक्रारीला वजन नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्याच नळाचं पाणी पितात, यंत्राशिवाय. २०१९ साली केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या २१ शहरांच्या तपासणीत सगळ्या कसोट्यांना उतरलं ते एकट्या मुंबईच्या नळाचं पाणी. म्हणजे आपल्याच राज्यातली एक महापालिका हे करू शकते. बाकीच्यांना जाब विचारायला याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं की जिथं टीडीएस ५०० च्या आत आहे तिथं आरओला बंदी घाला, आणि जिथं परवानगी द्याल तिथं ६० टक्क्यांहून जास्त पाणी वापरात येईल अशी अट घाला. नियम नुसते कागदावर वाचून मोरीतली नळी थांबणार नाही. ती आपल्यालाच थांबवावी लागेल.

म्हणून चार कामं सांगतो.

पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत. क्षार, काठिण्य, फ्लोराईड, नायट्रेट आणि जंतू, सगळ्यांचा अहवाल मागा. गावांत जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला शिकवलेल्या महिला आहेत, तपासणी पेट्या आहेत. त्यातली एक छोटी बाटली तर अशी की पाणी विष्ठेनं दूषित असेल तर आतलं द्रावण एक-दोन दिवसांत काळं पडतं. विक्रेत्याच्या तपकिरी पेल्यापेक्षा या काळ्या बाटलीवर विश्वास ठेवा.

अहवालात जंतूच असतील तर यूएफ किंवा उकळणं. क्षार ५०० च्या फार वर असतील, फ्लोराईड मर्यादेबाहेर असेल, तर आरओ. काहीच नसेल तर साधी गाळणी आणि झाकलेला माठ, धास्ती वाटलीच तर यूएफ.

आरओ ठेवणं भाग असेल तर नळीखाली बादली ठेवा. आमच्यासारख्या कमी क्षाराच्या पाण्यात ते टाकाऊ पाणी फरशीला, संडासाला, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला सहज चालतं. खारपाणपट्ट्यात तेच पाणी झाडांना घालू नका, ते मूळच्या पाण्याहूनही खारं असतं.

आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत टँकरच्या बिलाआधी हा विषय घ्या.

आमचा अहवाल परवा आला. जंतू नाहीत, फ्लोराईड मर्यादेत, क्षार ८४. मेकॅनिकला बोलावून आरओ काढून टाकलं, तिथं यूएफ बसवलं. आईनं नव्या तोटीचं पाणी पेल्यात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि प्यायली. मग सिंकखाली वाकून बघितलं. बादली कोरडी होती. तिनं ती उचलून गच्चीवर नेली, तुळशीपाशी ठेवली.

या रविवारी तुमच्या सिंकखाली बादली ठेवा. किती भरली तो आकडा लिहून घ्या आणि सभेत घेऊन या.